इसार घेतलेली जीप

ऑनलाइन फसणारा माणूस लोभी असतो, असं आमच्या कॉलेजात आलेल्या एका पाहुण्यांनी सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि दर वेळी पुढच्या बाकांवरची मुलं हसली. मी मागे बसले होते. उठून बोलावं असं वाटत होतं, पण चारचौघांत बोलायची मला सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. घरी आम्ही पावरी बोलतो, कामावर अहिराणी ऐकते, आणि पुस्तकातली मराठी अजूनही आधी मनात म्हणून बघते, मगच तोंडातून काढते. माझं वाक्य मनात जुळेपर्यंत पाहुण्यांना नारळ देऊन झाला होता. तेव्हा राहिलेलं इथे लिहिते. काही चुकलं तर समजून घ्यावं.

शहाद्याला जुन्या गाड्या विकून देणाऱ्या एका ऑफिसात मी कॉलेज सांभाळून काम करते. ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड, एक टेबल आणि पुढे मोकळी जागा. तिथे गाड्या धूळ खात उभ्या असतात. मालक इक्बालभाई. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे, हे मोटारींच्या धंद्यात आले. गाडीचं त्यांना सगळं कळतं, पण मोबाइलवर जाहिरात टाकायची म्हटली की ते फोन माझ्यापुढे सरकवतात. गाडीचे फोटो काढायचे, जाहिरात लिहायची आणि येणारे फोन घ्यायचे, हे माझं काम. सुरुवातीला बोलायची वाक्यं मला आधी वहीत लिहून ठेवावी लागायची. आता लागत नाहीत. आता मला बहुतेक वेळा कंटाळा येतो, कारण खऱ्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त फोन चोरांचे असतात.

या चोरांबद्दल लोक फार घाबरून बोलतात. पेपरात त्यांना हुशार, सराईत, असं काय काय म्हणतात. मला तसं काही दिसलं नाही. त्यांच्याकडे एकच पाठ आहे आणि तो ते परीक्षेतल्या निबंधासारखा सगळीकडे खपवतात. ते फौजेत असतात. लांब कुठेतरी बदलीवर असतात. गाडी बघायला यायला त्यांना सुट्टी नसते, पण गाडी त्यांना फोटोतच पसंत पडलेली असते. वर्दीतल्या कोणाचा तरी फोटो आणि एक ओळखपत्र ते न मागता पाठवतात. आणि सांगाल त्या किमतीला हो म्हणतात.

आमच्याकडे गाडी घ्यायला येणारा माणूस कसा असतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातला फोलपणा लगेच कळेल. खरा माणूस एकटा येत नाही. एक मेकॅनिक, एक मेहुणा आणि उगाचच आलेला एक शेजारी, असे येतात. येताच टायरला लाथ मारतात. बॉनेट उघडून "हाई काय शे?" असं विचारतात, जणू आम्ही त्यांच्याशी दगा केलाय. गाडी कितीही चांगली असो, तोंड वाकडंच. चहा पितात, निघून जातात, पुन्हा येतात. गाडीला नावं ठेवणारा माणूस गाडी घेणारा असतो. ज्याला तिच्यात काहीच वाईट दिसत नाही, त्याला गाडी नकोच असते.

एकदा मी मुद्दाम करून पाहिलं. एका फौजीसाहेबांना सांगितलं की गाडीला इंजिन नाही, काढून ठेवलंय. ते म्हणाले, "कोई बात नहीं मैडम, एडजस्ट कर लेंगे।" इक्बालभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी तेच चार दुकानांत जाऊन सांगितलं.

आता त्यांचा डाव सांगते, कारण बरेच जण इथेच अडकतात. आधी तो तुम्हाला थोडे पैसे खरोखर पाठवतो. ते तुमच्या खात्यात दिसतात, म्हणून विश्वास बसतो. मग चौकोनी ठिपक्यांचा एक फोटो पाठवतो. दुकानात आपण पैसे देताना स्कॅन करतो तोच कोड. म्हणतो, हा स्कॅन करा, पिन टाका, म्हणजे उरलेले पैसे तुमच्या खात्यात येतील. पण पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. पिन टाकलात की तुमचेच पैसे त्याच्याकडे गेले. मग तो म्हणतो, चुकून उलटं झालं, परत एकदा करा, या वेळी दोन्ही येतील. काही जण परत करतात.

एवढंच. यात हुशारी कुठे आहे, मला अजून सापडलेली नाही.

आता ज्यांच्यासाठी मी हे लिहायला बसले, ते मुरलीआप्पा. प्रकाशा गावचे, तापीकाठी केळीची शेती, घर भरलेलं. त्यांची जुनी डिझेल जीप होती. केळीची खतं, लग्नाचे पाहुणे, नदीच्या घाटावर विधीला आलेले नातेवाईक, सगळं तिने वाहिलं. मोतीबिंदूमुळे आप्पांना आता गाडी चालवणं नको होतं, म्हणून ती विकायला आमच्याकडे आली. जीप आमच्या आवारात उभी राहिली, पण जाहिरातीत आप्पांनी स्वतःचाच नंबर टाकायला लावला. मन्ही गाडी, मीच बोलसु, असं त्यांचं म्हणणं होतं.

अर्थातच फौजीचा फोन आला. आप्पांनी किंमत सांगितली आणि मग स्वतःहून कमी केली. हे मला मागाहून कळलं तेव्हा मी त्यांना विचारलं, त्याने मागितलंही नसताना कमी का केलीत? ते म्हणाले, "देशनी राखन करस तो. त्यानासंगे भाव कसाले करना?"

त्या पाहुण्यांना मला हेच विचारायचं होतं, की यात लोभ कुठे आहे.

मग त्या माणसाने पाचशे रुपये पाठवले. त्याच्या दृष्टीने ते गळाला लावलेलं गांडूळ. आप्पांच्या दृष्टीने तो इसार होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बैल असो, शेत असो, आमच्या भागात सौदा ठरला की घेणारा थोडे पैसे हातावर ठेवतो. तो इसार. तो घेतला की वस्तू त्याची झाली. मग दुसरा कोणी दुप्पट घेऊन आला तरी त्याला देता येत नाही. इसार घेऊन फिरलेल्या माणसाला बैलबाजारात पुन्हा कोणी उभं करत नाही. शहरात याला टोकन म्हणतात आणि विसरूनही जातात. आप्पा विसरणारे नव्हते.

पुढे कोड आला, पिन टाकला गेला, आणि आप्पांच्या खात्यातून चांगली बैलजोडी येईल एवढे पैसे गेले. मी त्यांना विचारलं, पिन का टाकलात. हे विचारताना माझा आवाज कदाचित चढला असेल. ते म्हणाले, बँकेतून पैसे काढतानाही सही करावी लागते ना, तशी ही सही असेल. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. बँकेने आयुष्यभर त्यांना तेच शिकवलं होतं, आणि नवा नियम कोणी घरी येऊन सांगितला नव्हता.

मी त्यांच्याबरोबर पोलिसांत तक्रार द्यायला गेले. तक्रार लिहून घेतली, बँकेलाही कळवलं. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, असे पुढे निघून गेले होते. इथे कोणाला वाटेल की आप्पा रडले वगैरे. नाही रडले. त्यांनी टोपी सारखी केली आणि मला रसवंतीवर उसाचा रस पाजला.

खरी अडचण पुढेच आली.

जयसिंग नावाचा एक तरुण माणूस गाडी शोधत होता. खापर गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचं गाव. तो गुजरातेत एका शेठकडे ड्रायव्हर होता. सणाला घरी आला होता आणि त्याला परत जायचं नव्हतं. त्याच्या गावापासून खापरच्या बाजाराला येणाऱ्या बायका डोक्यावर ओझं घेऊन चालत येतात. आजारी माणसाला खाटेवर घालून आणतात. स्वतःची जीप असली तर ती रोज भरेल आणि आपण घरी राहू, असा त्याचा साधा हिशोब होता. त्याने पैसे साठवले होते, उरलेले भावांनी घातले होते. पण शेठचा फोन सारखा येत होता. सण संपला, आता ये, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो. गाडी मिळाली तर घर, नाही मिळाली तर गुजरात. त्याने इतर गाड्या पाहिल्या. एक तर त्याला परवडत नव्हती किंवा घाटात टिकणारी नव्हती. आप्पांची जीप दोन्हींत बसत होती. तो तिच्याखाली झोपून मागचं एक्सल पाहत होता, तेव्हाच मला कळलं की हा घेणार.

मी आप्पांना बोलावलं. ते आले, जयसिंगला नीट पाहिलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "इसार लिधा शे मी. गाडी आते मन्ही नही."

इक्बालभाईंना आधी वाटलं, आप्पा गंमत करतायत. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "आप्पा, वो चोर है. चोरना इसार म्हणजे कसाना इसार?"

"दिधा चोरनी," आप्पा म्हणाले. "पन लिधा कोनी? मीच ना?"

"त्यानी तुमना पैसा खाई टाका."

"पैसा गया तो हिशोब अलग. त्यानी तक्रार मी दिधी शे. इसारना हिशोब अलग."

मी मध्ये पडले. मोठ्या माणसांच्या बोलण्यात पडायला मला आवडत नाही, पण जयसिंग दारात उभा होता आणि त्याचा फोन पुन्हा वाजत होता. मी म्हटलं, आप्पा, सौदा मोडायचा तर इसार दुप्पट परत देतात ना? तेवढं करा आणि मोकळे व्हा. इक्बालभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चोरांना सामील आहे. आप्पांना मात्र माझं बोलणं पटलं, पण त्यातही त्यांनी खोट काढली. दुप्पट परत करायचा तो हातावर, साक्षीदारासमोर, आणि त्या माणसाने तो घ्यायला हवा. फोनवरून ढकललेला पैसा म्हणजे परत केला असं होत नाही. आणि मुळात आपण का मोडायचा? मोडायचा तर त्याने मोडावा. "माले गाडी नको, असं त्यानी सांगं का? नही ना."

त्या चोराला जन्मात कधी गाडी नको होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण ते त्याने म्हटलेलं नव्हतं. उलट तो रोज आप्पांना फोन करून सांगत होता की डील पक्की आहे, फक्त एक शेवटची एन्ट्री करा म्हणजे सगळे पैसे परत येतील. आप्पा त्याला आता एक पैसा देत नव्हते. पण फोन मात्र घेत होते. इसार दिलेला माणूस, फोन कसा नाही घ्यायचा?

जाताना जयसिंगने मला एवढंच विचारलं की गाडी चोराची झाली असेल तर चोराकडून घेता येईल का. तो चेष्टा करत नव्हता. शेठने त्याला परवाच्या गाडीने ये म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले ते धोतर, कोट, टोपी असे लग्नाला निघाल्यासारखे. हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. आणि पुतण्या बरोबर, गाडी चालवायला. रात्रभर विचार करून त्यांना एक मार्ग सापडला होता. त्या माणसाला सुट्टी नाही, तो येऊ शकत नाही. मग गाडी आपण त्याच्या दारात नेऊन उभी करायची. घेतली तर घेतली. नाही म्हणाला तर साक्षीदारांसमोर म्हणेल.

"पोरी," ते मला म्हणाले, "त्याले इचार, कोठे आनू गाडी?"

मला खात्री आहे की हे वाचून काही जणांना हसू येईल. मलाही आलं होतं. पण आप्पा खरंच निघाले होते. पुतण्याने डिझेल भरून आणलं होतं.

मी आप्पांच्या मोबाइलवरून त्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. इक्बालभाई, पुतण्या, आप्पा आणि निरोप घ्यायला आलेला जयसिंग, सगळे टेबलाभोवती. पलीकडून तोच गोड आवाज आला. "हाँ चाचा, बस लास्ट एन्ट्री..."

मी म्हटलं, "सर, एन्ट्री नहीं. आप्पा गाडी लेके आ रहे हैं. आपका पता बताइए." माझं हिंदी काही फार चांगलं नाही. त्या दिवशी ते पुरलं.

तो म्हणाला की त्याची गरज नाही, आमचा ट्रक गाडी उचलायला येईल, फक्त ट्रकचं भाडं आधी भरावं लागेल. आप्पा फोनवर वाकले. "ट्रक कसाले? मी जित्ता शे ना. भाकर बांधी लिधी."

तो म्हणाला, कॅम्प राजस्थानात आहे, फार लांब.

"राजस्थान मन्हा देखेल शे."

तो म्हणाला, बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. आप्पा म्हणाले, गेटावर थांबतो, तू बाहेर ये. तो म्हणाला, ड्यूटी आहे. आप्पा म्हणाले, ड्यूटी संपेपर्यंत थांबतो, माले शेतीना काम नही आते. पुतण्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने बाहेर जाऊन जीप चालू केली. जुन्या डिझेल इंजिनाचा तो खडखडाट फोनमधून राजस्थानापर्यंत, किंवा तो चोर जिथे कुठे गादीवर पडला असेल तिथपर्यंत, पोचला असणार.

एवढी वर्षं तो घरात बसून लोकांशी खोटं बोलत असेल. कोणीतरी खरंच घराबाहेर पडून त्याच्याकडे निघालंय, हे त्याच्या पाठात नव्हतं. गाडीला इंजिन नसलं तरी ज्यांचं अडत नाही, त्या जातीचा तो माणूस. गाडी आली म्हणताच त्याची बोबडी वळली.

"अरे चाचा, नहीं चाहिए मुझे गाडी," तो म्हणाला. "रखो अपने पास."

आप्पांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. "अजून एकदाव सांग. आठे टेबलपाशी साक्षीदार बठेल शेत."

"नहीं चाहिए. नहीं चाहिए. नहीं चाहिए." मग एक शिवी आली आणि फोन बंद झाला.

त्याने आप्पांशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

आप्पा खुर्चीत मागे टेकले. "ऐकं ना तुम्ही? सोताना तोंडघाई सांगं त्यानी. इसार फिटना, गाडी आते मन्ही." मग त्यांनी बाहेर हाक मारून पुतण्याला इंजिन बंद करायला सांगितलं. डिझेल फुकट जळत होतं.

मला वाटलं होतं की इतकं झाल्यावर आप्पा जयसिंगला गाडी थोडी स्वस्तात देतील. कसलं काय. भाकऱ्या त्यांनी तिथेच सगळ्यांना वाटल्या, पण किमतीवरून दोघं दुपारपर्यंत भांडले. जयसिंगने दुसऱ्या गिअरची तक्रार केली, डाव्या दाराची केली, मागच्या टायरची तर अशी केली, जणू तो टायर आप्पांनी स्वतः चावून खराब केलाय. आप्पा म्हणाले, डोंगरावरली माणसं दगडावर गाडी चालवतात आणि टायरला बोल लावतात. चोराला न मागता जेवढी सूट दिली होती, तिच्या निम्मीही त्यांनी जयसिंगला दिली नाही. इक्बालभाईंनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात घातले तेव्हा कुठे सौदा ठरला.

आप्पांचे गेलेले पैसे अजून आलेले नाहीत. बँकेने थोडेसे अडवून धरलेत असं कळलं, ते कधी मिळतील कोणी सांगत नाही. याचं मला वाईट वाटतं. आणि त्याहून वाईट वाटतं की प्रकाशाच्या पारावर लोक आप्पांना हसतात. पिन टाकला म्हणून हसतात, आणि चोराला गाडी पोचवायला निघाले म्हणूनही हसतात. त्यातल्या किती जणांचा शब्द आप्पांसारखा टिकेल, हे मी विचारत नाही. मला उत्तर माहीत आहे. जे लोक व्यासपीठावर उभं राहून फसलेल्यांना लोभी म्हणतात, त्यांच्याबद्दलही आता मला राग उरलेला नाही. ते न पाहताच गाडी पसंत करणाऱ्यांपैकी आहेत.

त्या दिवशी जयसिंगने आप्पांच्या हातावर पैसे ठेवले. मी कागद तयार केले, दोघांनी सह्या केल्या. आप्पा पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले, फडकं घडी करून खिशात घालून. जयसिंग जीपमध्ये बसला, पण लगेच निघाला नाही. त्याने आधी फोन काढला आणि मोडक्या गुजरातीत शेठला सांगितलं, "शेठ, बीजो ड्राइवर गोती लेजो." दुसरा ड्रायव्हर शोधा. शेठ पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलत होता. जयसिंगने मान हलवत सगळं ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला, आणि दुसरा गिअर अडकतो ना, म्हणून पहिल्यातच बराच लांबपर्यंत जीप नेली.